तीस जोड्या

लॉस एंजेलिस, 1950च्या दशकाचा मध्य. ब्रूनो क्लोफर यांच्यापुढे उत्तरपत्रिकांच्या तीस जोड्या ठेवल्या आहेत. शाईच्या डागांत माणसाला काय दिसतं त्यावरून त्याचं मन वाचायचं, अशी ती रॉर्शाक चाचणी. ती अमेरिकेत रुजवण्यात हिटलरच्या जर्मनीतून निघून आलेल्या या ज्यू विद्वानाचा मोठा वाटा. प्रत्येक जोडीत दोन पुरुषांची उत्तरं आहेत. वय, शिक्षण आणि बुद्ध्यंक या तिन्ही बाबतींत दोघे एकमेकांना जुळणारे, पण एक समलिंगी आणि दुसरा भिन्नलिंगी. कागदावर ना नाव, ना पत्ता. क्लोफरनी एवढंच सांगायचं, की या दोघांत समलिंगी कोण?

त्या वेळच्या मानसशास्त्रज्ञाला हा प्रश्न कठीण वाटायचं काहीच कारण नव्हतं. समलैंगिकता हा मनाचा रोग आहे, हे पाठ्यपुस्तकांत छापलेलं होतं. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने 1952 साली मनोविकारांची पहिली अधिकृत यादी काढली. तिच्यात समलैंगिकतेला समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकारांच्या सदरात जागा मिळाली. रॉर्शाकच्या डागांत काय काय दिसलं म्हणजे माणूस समलिंगी समजायचा, त्याच्या खुणांच्या याद्याही तज्ज्ञांनी तयार ठेवल्या होत्या. रोग आहे म्हटल्यावर लक्षणं दिसणारच, आणि ती क्लोफरना दिसणार नाहीत तर कोणाला दिसणार?

या जोड्या जुळवून आणल्या होत्या एव्हलिन हूकर यांनी. हूकरबाई लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात प्राध्यापक नव्हत्या. त्या तिथे का नव्हत्या, ते आधी सांगायला हवं, कारण या शोधाचं मूळ तिथेच आहे.

एव्हलिन जेन्ट्री 1907 साली नेब्रास्कामधल्या नॉर्थ प्लॅट इथे एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मल्या. नऊ भावंडांतल्या त्या सहाव्या. आईचं शिक्षण तिसरीपर्यंत, पण मुलींनी शिकलंच पाहिजे असा तिचा हट्ट. शिष्यवृत्तीवर एव्हलिन बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात गेल्या, मानसशास्त्रात रमल्या. पुढे येलला जाऊन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या हाताखाली डॉक्टरेट करायची त्यांची इच्छा होती. विभागप्रमुख स्वतः येलचे. मात्र एका बाईसाठी शिफारसपत्र लिहायला ते तयार झाले नाहीत. मग एव्हलिन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. तिथले प्राध्यापक नाइट डनलॅप बायकांनी डॉक्टरेट करण्याच्या विरोधातलेच होते, पण त्यांनी कसंबसं घेतलं. 1932 साली पदवी हाती आली. दोन वर्षांत क्षयाने गाठलं आणि बराच काळ कॅलिफोर्नियाच्या सॅनेटोरियममध्ये गेला.

त्यातून उठल्यावर 1937 साली त्या एका फेलोशिपवर बर्लिनला गेल्या आणि एका ज्यू कुटुंबात राहिल्या. बाहेर हिटलरच्या सभा आणि घरात जीव मुठीत धरून बसलेले यजमान, असं ते वर्ष होतं. पुढे त्या कुटुंबातली माणसं छळछावणीत मारली गेली. राज्यच एखाद्या माणसाला ‘तू माणूस म्हणून कमी’ असं ठरवून टाकतं तेव्हा काय होतं, ते या बाईंनी पुस्तकात वाचलं नव्हतं, एका घरात राहून पाहिलं होतं.

परत आल्यावर नोकरी गेली. व्हिटियर कॉलेजमध्ये त्या शिकवत असत. युरोपात राहून, वर सोव्हिएत रशियाही बघून आलेली बाई तिथल्यांना धोक्याची वाटली. मग त्यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये, विचारणा केली. तिथे विभागप्रमुख कोण, तर तेच डनलॅप! मला तुम्हाला घ्यायला आवडेल, असं ते म्हणाले, पण विभागात आधीच तीन बायका आहेत आणि त्या कोणालाच आवडत नाहीत. एव्हलिनना विद्यापीठाच्या विस्तार विभागात जागा मिळाली. नोकरी करून शिकणाऱ्या, वयाने मोठ्या विद्यार्थ्यांचे वर्ग तिथे चालत. प्रतिष्ठा कमी, पण विद्यार्थी जग पाहिलेले.

अशाच एका वर्गात सॅम फ्रॉम बसला होता.

वर्गातला सगळ्यांत हुशार विद्यार्थी. तास संपल्यावर थांबून बोलणारा, प्रश्नांनी भंडावून सोडणारा. ओळख वाढली, घरोबा झाला. एव्हलिनचे तेव्हाचे पती डॉन कॉल्डवेल यांनाही तो आवडला. हळूहळू सॅमने आपल्या मित्रमंडळींची ओळख करून दिली. ही सगळी मंडळी समलिंगी होती. कामात पक्की, घरात नीट, एकमेकांची काळजी घेणारी. पोलीस, मालक, शेजारी अशा सगळ्यांपासून त्यांचं एक आयुष्य लपलेलं. एव्हलिन आणि डॉनना त्यांनी त्या आयुष्यात येऊ दिलं. हे किती धाडसाचं होतं ते आज लक्षात येणं अवघड आहे. समलिंगी संबंध हा कॅलिफोर्नियात गंभीर गुन्हा होता. एक बातमी फुटली असती तर नोकरी, घर आणि अब्रू एका दिवसात गेली असती.

एकदा सॅमसोबत दोघं सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. तिथे त्याने सरळच सांगितलं. आम्ही तुमच्यापासून काही लपवलं नाही. आम्ही वेडे नाही, तुरुंगात गेलेलो नाही, कुठल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाही. आमच्यासारख्यांचा अभ्यास कोणीही केलेला नाही. आता तो तुम्ही करा. शास्त्रज्ञ म्हणून हे तुमचं कर्तव्य आहे.

एव्हलिननी आधी नकारच दिला. त्यांचं काम उंदरांवरच्या प्रयोगांचं, आणि ही तर मित्रमंडळी. मित्रांचा तटस्थ अभ्यास कसा होणार? त्यांनी ही गोष्ट एका सहकाऱ्याच्या कानावर घातली. तो सहकारी खुर्चीतून उठलाच. तुम्हाला हे करायलाच हवं, त्याचं म्हणणं खरं आहे, या माणसांबद्दल आपल्याला काहीही ठाऊक नाही, असं त्याने बजावलं. तो सहकारी म्हणजे ब्रूनो क्लोफर.

सॅमने बोट ठेवलं होतं ते एका शास्त्राच्या मर्मावर. तोवर समलैंगिकतेवर जे काही लिहिलं गेलं ते कोणाला तपासून? तुरुंगातले कैदी, लष्कराने पकडलेले सैनिक, मनोरुग्णालयांतले रुग्ण आणि मनाने खचून तज्ज्ञांकडे आलेली माणसं. इस्पितळाच्या वॉर्डात उभं राहून गावाचं आरोग्य ठरवावं, तसा हा प्रकार. भिन्नलिंगी माणसांचं मानसशास्त्र कोणी फक्त तुरुंगात जाऊन लिहिलं असतं तर तो निबंध पहिल्याच बैठकीत फेटाळला गेला असता. इथे तो दशकानुदशके चालला. तो चालवणारे लोक दुष्ट नव्हते. त्यातले कित्येक मनापासून ‘उपचार’ करत होते: विजेचे झटके, ओकारीची औषधं, क्वचित मेंदूवर शस्त्रक्रियासुद्धा. मला या इतिहासातलं सगळ्यांत भयंकर वाटतं ते हेच. पूर्वग्रहाने डॉक्टरचा कोट घातला की त्याला कोणी पूर्वग्रह म्हणतच नाही, आणि ज्याच्यावर तो चालतो त्याच्याजवळ दाद मागायला जागा उरत नाही. त्याने ‘मी आजारी नाही’ म्हटलं तर तेही आजाराचंच लक्षण.

काम लगेच सुरू झालं नाही. एव्हलिनचा घटस्फोट झाला, त्या वर्षभर दूर गेल्या, परत आल्या. 1951 साली इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक एडवर्ड हूकर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ब्रेंटवुड भागातल्या सॉल्टएर अ‍ॅव्हेन्यूवर त्यांचं मोठं घर होतं, बागेसह. 1953 साली हूकरबाईंनी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेकडे अनुदानासाठी अर्ज केला.

साल बघा. कम्युनिस्ट हुडकण्याच्या नावाखाली सिनेटर मॅकार्थींचा धुमाकूळ चालू होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या आदेशाने ‘लैंगिक विकृती’ हे सरकारी नोकरीतून काढण्याचं कारण ठरवलं. आणि त्याच सरकारच्या पैशाने एक बाई सामान्य, धडधाकट समलिंगी पुरुषांचा अभ्यास करायला मागत होती! संस्थेच्या अनुदान विभागाचे प्रमुख जॉन एबरहार्ट, ही कोण बाई आहे ते बघायला स्वतः विमानाने लॉस एंजेलिसला आले. दिवसभर बोलले. आम्ही अनुदान द्यायला तयार आहोत, पण ते तुम्हाला न मिळण्याचीही शक्यता आहे. तसं झालं तर त्याचं कारण तुम्हाला कळणार नाही आणि आम्हालाही कळणार नाही, असं सांगून ते गेले. अनुदान मिळालं. संस्थेत त्या प्रकल्पाला हेटाळणीचं टोपणनाव पडलं, तरी पैसे आले.

विद्यापीठाच्या इमारतीत काम करणं शक्य नव्हतं. तिथे एखादा माणूस हूकरबाईंच्या खोलीत शिरताना कोणी पाहिला की झालंच. म्हणून घराच्या बागेत वेगळी असलेली खोली ही प्रयोगशाळा झाली. समलिंगी पुरुष मिळाले ते सॅमच्या मित्रांमधून आणि लॉस एंजेलिसमध्ये नुकत्याच उभ्या राहिलेल्या मॅटाशीन सोसायटी, ‘वन’ यांसारख्या संघटनांतून. जे उपचार घेत होते त्यांना वगळलं. खरी अडचण आली भिन्नलिंगी पुरुष मिळवताना. समलैंगिकतेशी संबंध असलेल्या कुठल्याही गोष्टीत नाव यायला नको म्हणून पुरुष पळ काढत. बाईंनी अग्निशमन दलाच्या माणसांना विचारलं, पोलिसांना विचारलं, जो दिसेल त्याला विचारलं. आता सॉल्टएर अ‍ॅव्हेन्यूवर कुठलाच पुरुष सुरक्षित नाही, असं एडवर्ड म्हणत. शेवटी तीस आणि तीस अशी साठ माणसं जमली.

प्रत्येकाने तीन चाचण्या दिल्या. एक रॉर्शाक. दुसरीत चित्रं बघून गोष्ट सांगायची. तिसरीत पार्श्वभूमी आणि आकृत्या निवडून स्वतःच चित्र मांडायचं आणि त्याची गोष्ट करायची. ही तिसरी चाचणी बनवणारे एडविन श्नाइडमन हेच तिचे परीक्षक. रॉर्शाकला क्लोफर आणि मॉर्टिमर मेयर. हूकरबाईंचा खरा पराक्रम मला इथे दिसतो. त्यांना स्वतःला या माणसांबद्दल आपुलकी होती. आपली आपुलकी निकालात शिरेल हे ओळखून निकाल देण्याचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलंच नाही. ते त्यांनी अशा माणसांकडे दिलं ज्यांच्या अधिकाराबद्दल कोणी तोंड उघडू शकणार नाही, आणि त्यांच्यापासून फक्त एकच गोष्ट लपवली: कोण कोण आहे. तज्ज्ञाची नजर तीच राहिली. तिच्यावर आधीपासून पडलेला शिक्का तेवढा काढून घेतला.

परीक्षकांनी आधी साठही जणांचे कागद एकेक करून वाचले. हा माणूस आयुष्याशी कितपत जुळवून घेतो, याला एक ते पाच असे गुण द्यायचे होते. समलिंगी गटातल्या दोन-तृतीयांश माणसांना सरासरी किंवा त्याहून चांगले गुण मिळाले. भिन्नलिंगी गटातल्याही दोन-तृतीयांश माणसांना तेच.

मग आल्या तीस जोड्या.

नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी पंधराच्या आसपास बरोबर आली असती. रॉर्शाकच्या दोन परीक्षकांपैकी एकाची बरोबर आली सतरा, दुसऱ्याची अठरा. दोघांनीही अचूक ओळखल्या अशा जोड्या बाराच. संख्याशास्त्राच्या हिशेबात याला ओळखणं म्हणत नाहीत. एका परीक्षकाने पुन्हा एकदा संधी मागून घेतली आणि तरीही जमलं नाही. समलिंगी माणसाच्या मनावरच्या ज्या खुणांचा पाठ्यपुस्तकं हवाला देत होती त्या देशातल्या सर्वांत जाणत्या नजरेला दिसल्या नाहीत, कारण त्या तिथे नव्हत्याच.

एक गोष्ट हूकरबाईंनी प्रामाणिकपणे नोंदवली. गोष्टी सांगण्याच्या चाचण्यांत समलिंगी पुरुष ओळखणं सोपं होतं, कारण कित्येकांनी आपल्या गोष्टींत आपलंच आयुष्य सांगितलं होतं. मात्र त्या गोष्टींतही आजार सापडला नाही. श्नाइडमन यांनी दिलेल्या गुणांतही दोन गटांत फरक पडला नाही. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. माणूस वेगळा आहे हे कळणं आणि माणूस बिघडलेला आहे हे ठरवणं यांत केवढं अंतर आहे, ते या आकड्यांत दिसतं.

1956 साली शिकागोला अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अधिवेशनात हूकरबाईंनी हा निबंध वाचला आणि पुढच्या वर्षी तो प्रोजेक्टिव्ह चाचण्यांच्या नियतकालिकात छापून आला. निष्कर्ष सावध शब्दांत होता: समलैंगिकता नावाचा एक ठरावीक रोग नाही, भिन्नलिंगी माणसांत जितके प्रकार, तितकेच इथेही. सॅम फ्रॉम तोवर मोटार अपघातात गेला होता. 1957 साली एडवर्ड हूकरही अचानक गेले.

या अभ्यासात उणिवा नव्हत्या असं नाही. साठच माणसं, सगळे पुरुष, आणि समलिंगी गट ओळखीतून आणि संघटनांमधून आलेला. पुढे रॉर्शाक चाचणीच्या विश्वासार्हतेवरच प्रश्न उभे राहिले. काही जण म्हणतात, मग या निकालाला काय अर्थ? मला हा आक्षेप पटत नाही. डागांत रोग दिसतो हा दावा हूकरबाईंचा नव्हता, तो व्यवस्थेचा होता. त्यांनी व्यवस्थेचंच हत्यार तिच्याच सर्वोत्तम माणसांच्या हातात दिलं आणि चालवून दाखवायला सांगितलं.

म्हणून तज्ज्ञांनी मान्य केलं का? नाही. पुढची सोळा-सतरा वर्षं ‘उपचार’ चालूच राहिले. 1962 साली न्यूयॉर्कच्या मनोविश्लेषकांनी समलैंगिकता म्हणजे विकारच असं सांगणारं जाडजूड पुस्तक काढलं. त्याचा आधार पुन्हा तोच, उपचाराला आलेले रुग्ण. 1967 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने हूकरबाईंच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला. 1969 साली त्याने संमतीने होणारे खाजगी संबंध गुन्ह्यांतून काढा अशी शिफारस केली. तो अहवाल सरकारने छापायला 1972 उजाडलं.

त्याच 1972 साली डॅलसला सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचं अधिवेशन होतं. व्यासपीठावर खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कॅमनी, कार्यकर्त्या बार्बरा गिटिंग्ज आणि त्यांच्या शेजारी एक मुखवटा घातलेला माणूस. अंगात ढगळ सूट, आवाज ओळखू येऊ नये म्हणून बदलून सोडणारा माइक. कार्यक्रमपत्रिकेत नाव ‘डॉ. एच. अनॉनिमस’. आपण मनोविकारतज्ज्ञ आहोत आणि समलिंगीही आहोत, असं त्याने शेकडो सहव्यावसायिकांना सांगितलं. ते होते फिलाडेल्फियाचे डॉ. जॉन फ्रायर. मनाच्या डॉक्टरांच्या सभेत एका डॉक्टरला खरं बोलण्यासाठी तोंड झाकावं लागलं. हूकरबाईंच्या साठ कागदांवर नावं नव्हती ती निकाल निखळ यावा म्हणून. फ्रायरना नाव लपवावं लागलं ते केवळ भीतीने.

15 डिसेंबर 1973 रोजी असोसिएशनच्या विश्वस्तांनी समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. पुढच्या वर्षी सदस्यांचं मतदान झालं: बदलाच्या बाजूने 5,854, विरोधात 3,810. शास्त्रातले प्रश्न काय मतदानाने सुटतात, असा टोमणा आजही ऐकू येतो. ते मतदान मागितलं होतं बदलाच्या विरोधकांनी, हे टोमणा मारणारे सांगत नाहीत. त्यानंतरही आपल्या समलैंगिकतेमुळे अस्वस्थ असलेल्यांसाठी एक वेगळं निदान यादीत मागच्या दाराने शिरलं. ते जायला 1987 साल लागलं. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या यादीतून समलैंगिकता काढली ती 1990 साली.

हूकरबाई 1996 साली गेल्या, वयाच्या 89व्या वर्षी. उतारवयात त्यांना भेटलेल्या एका बाईची हकिगत त्या सांगत. आपली मुलगी समलिंगी आहे हे कळल्यावर तिच्या आईबापांनी तिला मनोरुग्णालयात टाकलं होतं. अशा वेळी विजेचे झटके देण्याची तिथली पद्धत. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने हूकरबाईंचं काम वाचलेलं होतं, म्हणून त्याने ते झटके देऊ दिले नाहीत.

मला राहून राहून वाटतं, की यूसीएलएच्या विभागाने एव्हलिनना सन्मानाने आत घेतलं असतं तर त्या कदाचित उंदरांवरच काम करत राहिल्या असत्या. ज्या व्यवस्थेने बाई म्हणून त्यांना दारात थांबवलं, तिनेच समलिंगी माणसाला रोगी ठरवलं होतं. दाराबाहेर उभ्या असलेल्या बाईंना बाहेरचं माणूस दिसलं, आणि त्या माणसाला त्यांच्यावर विश्वास टाकता आला. हूकरबाईंवर झालेला अन्याय यामुळे कमी होत नाही. विभागाच्या दप्तरी त्याची भरपाई म्हणून हा शोध जमा धरता येणार नाही.

आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी निकालपत्रात लिहिलं, की इतिहासाने या लोकांची माफी मागायला हवी. मद्रास उच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये लैंगिकता ‘दुरुस्त’ करण्याच्या उपचारांना मनाई केली, आणि त्यापाठोपाठ 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. हूकरबाईंच्या शिकागोतल्या निबंधाला तेव्हा सहासष्ट वर्षं झाली होती. आणि ऑगस्ट 2024 अखेर त्याच आयोगाने एमबीबीएसच्या न्यायवैद्यक शास्त्राचा जो अभ्यासक्रम जाहीर केला, त्यात स्त्री-समलैंगिकता पुन्हा अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यांमध्ये जाऊन बसली. ओरड झाली आणि सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो मागे घ्यावा लागला. तो अभ्यासक्रम आला होता डॉक्टरांच्याच आयोगाकडून.